भावोजींनी फुंकलेला उजेड

उल्हासनगर कॅम्प एकपासून बदलापूर गावापर्यंत संध्याकाळी जेवढा म्हणून रंगीत उजेड पडायचा, तो सगळा आमच्या भावोजींनी तोंडाने फुंकलेला होता. तुम्ही म्हणाल, बाई दिराचं कौतुक जरा जास्तच करतेय. करतेय खरी. पण ‘तोंडाने फुंकलेला’ हे काही मी लाडाने म्हणत नाही, ते अक्षरशः तसंच आहे. भावोजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. कॅम्प एकमध्ये एका फर्निचरवाल्याच्या मागच्या शेडमध्ये निऑनच्या पाट्या बनवायचे. काचेची पोकळ नळी आगीवर धरून मऊ करायची, मग अक्षराच्या वळणाने वाकवायची. वाकवताना ती चपटी होऊ नये म्हणून तिच्या टोकाला रबराची नळी जोडायची, तिचं दुसरं टोक आपल्या तोंडात धरायचं आणि बेताने फुंकत राहायचं. जास्त फुंकलं की काच फुगते, कमी फुंकलं की बसते. हे सगळं मी त्यांच्या शेडमध्ये डब्बा द्यायला जाऊन जाऊन बघितलंय, कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

आता ज्याच्या तोंडात दिवसभर रबराची नळी, तो बोलणार कधी? भावोजी भुवयांनी बोलायचे. एक भुवई वर म्हणजे हो, दोन्ही वर म्हणजे नाही, आणि डोळे मिटले म्हणजे आत्ता जा, अक्षर तापलंय. त्यांच्या लग्नाचं फिसकटलं ते ह्याच्यामुळेच. मुलीकडची मंडळी न सांगता थेट शेडवर आली. भावोजींच्या हातात अर्धवट वाकवलेली नळी, ती सोडली तर सकाळपासूनची मेहनत पाण्यात. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "कमाई बरी आहे ना?" भावोजींनी फुंकलं. "घरात अजून कोण कोण असतं?" पुन्हा फुंकलं. मंडळी आली तशी उठून गेली, आणि दोन दिवसांनी निरोप आला की मुलगा दिसायला चांगला आहे, पण भरदुपारी हुक्का ओढतो. आम्ही समजूत घालायला निघालो तर भावोजीच म्हणाले, "राहू दे वहिनी. त्या दिवशी त्यांच्याकडे बघितलं असतं तर ‘म’ फुटला असता." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही आणि आम्हालाही काढू दिला नाही.

स्वभाव तसा उलटा नव्हता, पण कामच उलटं. पाटीचं चित्र आधी कागदावर उलटं काढायचं, आरशात दिसतं तसं, आणि नळी त्याच्यावर धरून वाकवायची, म्हणजे समोरची बाजू सपाट येते. वर्षानुवर्षं उलटं लिहून त्यांचा हात असा बसला होता की, मला वाणसामानाची यादी लिहून दिली तर ती मी कपाटाच्या आरशासमोर धरून वाचायची. बोटांची टोकं तर भाजून भाजून इतकी निबर झालेली की, तव्यावरची पोळी सरळ हाताने उचलायचे आणि वर मलाच विचारायचे, "वहिनी, आज पोळ्या गार का?"

त्यांच्या शेडमध्ये न्हाव्यांना दुरुस्ती फुकट असायची. हा नियम ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, कुणी उधार दाढी करत असेल. तर तसं नाही. भावोजींना त्यांच्या सिंधी उस्तादांनी, ज्यांना सगळे ‘दादा’ म्हणायचे, सांगितलेलं होतं की तिकडे परदेशात विकली गेलेली पहिली निऑनची पाटी एका न्हाव्याने घेतली. "विचार करा वहिनी," भावोजी सांगायचे, "तेव्हा कुणाला ठाऊक होतं हे चालेल का? मोठेमोठे दुकानदार बघत बसले आणि पैसे काढले न्हाव्याने! त्याने तेव्हा ‘नको’ म्हटलं असतं तर मी आज काय केलं असतं?" म्हणून अंबरनाथपर्यंतच्या सगळ्या केशकर्तनालयांचे दिवे ते विनामूल्य चालू ठेवायचे, त्या परदेशी न्हाव्याच्या पुण्याईवर. आमच्या इथल्या न्हाव्यांना हे कारण कधी समजलं नाही, पण त्यांनी हरकतही घेतली नाही.

आणि रंगांचं तर विचारूच नका. निऑन वायूचा लाल, पाऱ्याचा निळा, असे नळीत काय भरलं त्यावर रंग ठरतात. लाल भूक वाढवतो, निळा विश्वास वाढवतो, असं भावोजींचं शास्त्र. एका मिठाईवाल्या सिंधी शेठला निळीच पाटी हवी होती. भावोजींनी त्याला तिथल्या तिथे निळ्या दिव्याखाली उभं केलं आणि हातात जिलबी दिली. "साईं, खाओ." शेठने जिलबीकडे बघितलं आणि खाली ठेवली. "अरे, ये तो दवाई लगती है!" झालं, लाल पाटी लागली. लग्नात गेलो तर आम्ही नवरा-नवरी बघायचो, भावोजी मंगल कार्यालयाची पाटी बघायचे. एकदा अक्षता पडत असताना माझ्या कानाशी येऊन हळहळले, "वहिनी, ‘ल’ गेला हो." मी घाबरून विचारलं, कोण गेलं? तर पाटीतलं अक्षर विझलं होतं. जेवणाच्या पंगतीआधी हा माणूस शिडीवर.

तर असे आमचे भावोजी. आणि नव्वदनंतरच्या त्या वाईट वर्षी मी ह्याच माणसाच्या भरवशावर राहिले. ह्यांची अंबरनाथची कंपनी बंद पडली. आम्ही बदलापूरला राहायचो, मुलगी नववीतून दहावीत गेलेली. मी बाजारामागच्या गल्लीत एक छोटा गाळा घेऊन पोळी-भाजी विकायला सुरुवात केली. हाताला चव आहे असं लोक म्हणायचे, पण लोकांना गल्लीच दिसायची नाही! संध्याकाळी घरी परतणारी माणसं नाक्यावरून सरळ पुढे जायची आणि मी उरलेल्या पोळ्या शेजाऱ्यांना वाटायची. शेवटी हे म्हणाले, "गणपतीपर्यंत बघू. नाही जमलं तर गाळा सोडायचा आणि गावी जायचं." गावी म्हणजे कोकणात, ह्यांच्या चुलत्यांकडे. मुलीने त्या दिवसापासून वह्यांना कव्हर घालायचं सोडून दिलं.

भावोजींना कळलं तेव्हा त्यांनी चक्क तोंडातली नळी काढली. "वहिनी, गाळा तुमचा, पोळी तुमची, पाटी माझी. नाक्यावरून दिसेल अशी." मी म्हटलं, मराठीत हवी, ‘घरची पोळी-भाजी’. तेव्हा निऑनच्या पाट्या बहुतेक इंग्रजीत असायच्या, कारण ती अक्षरं सुटी. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर रेघ. नळीने रेघेवरून चालायचं, खाली उतरून अक्षर काढायचं, पुन्हा वर चढायचं, आणि जिथे उजेड नको तिथे काळा रंग फासायचा. कुणीही शहाण्या माणसाने हे चार-पाच तुकड्यांत केलं असतं. पण भावोजींनी मनात घेतलं की वहिनींची पाटी एका अखंड नळीची करायची. मध्ये कुठे तोड नाही.

मग काय विचारता! जून गेला, जुलै गेला. ‘ळ’ची दोन वेटोळी आली की काच तडकायची. मी डब्बा घेऊन गेले की त्यांचे उस्ताद दारातच सांगायचे, "बहनजी, ये आदमी बोर्ड नहीं बनाता, बच्चा जनता है. नौवां महीना चालू है." इकडे ह्यांचा धीर सुटायला लागला. बाजारात तेव्हा ते एलईडीचे बोर्ड नवे नवे आले होते, लाल ठिपक्यांची अक्षरं सरकत जातात ते. हे म्हणाले, "तयार मिळतो, लावून टाकू." भावोजींना तो अपमान वाटला. ते ह्यांना म्हणाले, "दादा, तो काय दिवा आहे? मोहरी आहे मोहरी! फोडणीला टाका." सख्खे भाऊ आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत, आणि मी एकाला घरी वाढत होते, दुसऱ्याला डब्बा पोचवत होते.

गणपतीला दहा दिवस राहिले तेव्हा पाटी झाली. टेम्पोत मांडीवर घेऊन, खाली दोन गाद्या, असे भावोजी बदलापूरला आले. रस्त्यात खड्डा आला की ते स्वतः उचलले जायचे, पाटी जागची हलायची नाही. दुपारी टांगली, ट्रान्सफॉर्मर जोडला, बटण दाबलं. अहो, काय सांगू! दिवसाउजेडीसुद्धा गुलाबी-लाल अक्षरं तरारून उठली. माझे तर डोळेच भरून आले. हे सुद्धा भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जमलं रे." मी त्या दिवशी दुप्पट कणीक भिजवली.

आणि संध्याकाळी सात वाजता पाटी विझली. गुणगुणली, थरथरली, ‘घ’पाशी जरा लुकलुकली आणि गप्प. दुसऱ्या दिवशीही सातलाच. बदलापूरला संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की व्होल्टेज पडायचं, आमच्या पंख्यांची पातीसुद्धा मोजता येतील अशी फिरायची. एवढी लांब अखंड नळी पेटायला जो जोर लागतो तो तेव्हा तारेत नसायचाच. तुकडे केले असते, प्रत्येकाला वेगळा ट्रान्सफॉर्मर दिला असता, तर कदाचित तगली असती. भावोजींनी ती तपासली होती उल्हासनगरला, भरदुपारी. आमच्यावरच्या मायेने त्यांनी जी गोष्ट अखंड केली होती, तीच आड आली. दुपारी पाटी झगझगायची, तेव्हा गल्लीत कुत्रं नसायचं. लोक यायच्या वेळी मी काळोखात.

भावोजी समोरच्या पायरीवर बसून राहिले. मी म्हटलं, "असू द्या हो भावोजी, तुम्ही एवढं केलंत." त्यांनी दोन्ही भुवया वर केल्या. तोंडात नळी नसतानासुद्धा. मग उठून गेले, आणि पुढे आठ दिवस त्यांचा पत्ता नाही. ह्यांनी चुलत्यांना पत्र लिहायला घेतलं. मी रिकामे होतील तसे पिठाचे डबे घासून पालथे घालायला लागले.

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी भावोजी आले. काखेत प्लायवूडची फळी, हातात स्कूटरची बॅटरी. डोळे लाल, बोटांना चटके, पण ह्या वेळी काचेचे नाही, डाग द्यायच्या कथलाचे. एका रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या दुकानात आठ दिवस स्टुलावर बसून, निम्म्या वयाच्या माणसाकडून ते शिकून आले होते. फळीला मागून भोकं पाडून, एकेक लाल दाणा हाताने बसवून त्यांनी ‘घरची पोळी-भाजी’ लिहिलं होतं. बाजारातल्या बोर्डासारखं ठोकळ्याठोकळ्यांचं नाही, निऑनसारखंच, वळणदार.

हे बघतच राहिले. म्हणाले, "अरे, ही तर मोहरी."

"हो दादा," भावोजी म्हणाले, "पण मोहरीला व्होल्टेज लागत नाही." आणि निऑनची पाटी हलक्या हाताने उतरवून त्यांनी ती फळी टांगली.

त्या संध्याकाळी व्होल्टेज नुसतं पडलं नाही, पावणेसातला लाईटच गेली. अख्खा बाजार काळाठिक्कर. आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी तेवढी लाल अक्षरं, बॅटरीवर, शांत उभी. नाक्यावरून माणसं अंधारात चाचपडत येत होती, त्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं. घरी जाऊन काळोखात स्वयंपाक कोण करणार? पहिली एक बाई आली, मग दोघं, मग रांग. मेणबत्तीच्या उजेडात मी लाटत होते, हे भाजत होते, मुलगी कागदात बांधत होती. "वहिनी, पाच पोळ्या!" "मावशी, भाजी कसली आहे?" मला मान वर करायला सवड नव्हती.

चुलत्यांचं पत्र मग पोस्टात पडलंच नाही. मुलगी बदलापूरच्याच शाळेतून दहावी झाली, चांगली झाली. भावोजींचं निऑन हळूहळू कमी होत गेलं. आत ट्यूबलाईट लावलेल्या प्लास्टिकच्या चकचकीत पाट्या आल्या, ठिपक्यांचे बोर्ड आले, आणि ते दोन्ही कामं करत राहिले. नवं काम मन लावून, जुनं जीव लावून. आता उल्हासनगरच्या बाजारात एवढे दिवे आहेत की डोळे दिपतात, पण तोंडाने फुंकलेला एखादाच असेल. पाट्यांचं असं होणारच, ते भावोजींनाही माहीत होतं, त्यांनी कुणाला दोष दिला नाही.

पण मला आठवते ती फळी टांगल्याची पहिली संध्याकाळच. गर्दी ओसरली, मी पदराने तोंड पुसलं, तर समोरच्या पायरीवरून भावोजी उठून आले. इतका वेळ ते तिथेच बसले होते, रांगेत मध्ये घुसायला नको म्हणून. म्हणाले, "वहिनी, सकाळपासून काही खाल्लं नाही. दोन पोळ्या वाढा."

मी परात बघितली, डबा बघितला. पिठाचा कणसुद्धा नव्हता. "भावोजी, संपल्या हो."

"संपल्या?"

"संपल्या."

"सगळ्या?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि असे हसले की जणू मी पंचपक्वान्नांचं ताट पुढे केलंय. मग चपला घातल्या आणि तसेच उपाशीपोटी उल्हासनगरला निघून गेले. त्यानंतर इतक्या वर्षांत माझ्या दारातून कुणी न जेवता गेलेलं नाही. त्या एका दिवशी मात्र त्यांच्यासाठी दोन पोळ्या बाजूला काढून ठेवायचं मला सुचलं नाही.