धानाच्या राशीत लॅपटॉप

आमच्या घरात सगळ्यात लवकर तापणारी वस्तू मी होतो. मग रश्मीने लॅपटॉप आणला.

रश्मी म्हणजे माझी मुलगी, आणि लॅपटॉप म्हणजे तिच्या टेबलावरची काळी, चपटी शेगडी. मांडीवर घेतला की पाच मिनिटांत "आई गं!" म्हणून खाली ठेवायची. बॅटरीचं तर विचारूच नका! कोपऱ्यात साठ टक्के लिहिलेलं असायचं, आणि साठावरून थेट अंधार. मधले आकडे कुठे जायचे ते बनवणाऱ्यालाच माहीत. मी सरकारी नोकरीत इतकं खोटं लिहिलं असतं तर पहिल्याच वर्षी निलंबित झालो असतो.

नोकरी माझी कृषी सहायकाची. सौंदड आणि आजूबाजूच्या गावांत तीस वर्षं मी शेतकऱ्यांना शहाणपण वाटलं (कोणी मागितलं नव्हतं, तरी). समाजमंदिराच्या भिंतीवर माझ्या हातच्या सूचना अजून आहेत, निळ्या रंगात, ठसठशीत. पहिलीच सूचना: 'ओल्या धानाची रास घालू नका. आतून तापते.' निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी बाजारात जाताना मी ती भिंत पाहूनच पुढे जातो.

तर रश्मीची नागपूरच्या एका कंपनीत मुलाखत होती. काम काय, तर लोकांचे लॅपटॉप बिघडले की त्यांना फोनवर समजावून सांगायचं. पहिली मुलाखत ऑनलाइन झाली. साहेबांनी विचारलं, "दबावाखाली तुम्ही कशा वागता?" पोरगी म्हणाली, "सर, मी अजिबात..." आणि लॅपटॉप बंद! साहेब भला माणूस. त्याने गुरुवारी दुपारी दोनची वेळ दिली, पण ही शेवटची संधी असं बजावून. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही.

मंगळवारी मी तो लॅपटॉप पिशवीत घालून गोंदियाला नेला. दुकानदाराने उघडलासुद्धा नाही. वरून हात फिरवला आणि निदान केलं.

"अंकल, फॅन में कचरा है. बैटरी थक गई है. और फर्मवेअर में बग है, अपडेट मारना पड़ेगा."

"फर्मवेअर म्हणजे?"

"मशीन का दिमाग, अंकल. पंखा कब चलाना, बैटरी कितनी बची, सब वही बताता है."

"म्हणजे दिमागच खराब?"

"हाँ."

"मग असं येडं मशीन विकतात कायले?"

"दो दिन छोड़ के जाओ," तो जांभई देत म्हणाला.

यांचे दोन दिवस म्हणजे पोळा ते दिवाळी! मला काय हे लोक माहीत नाहीत? उचलली पिशवी आणि आलो परत. येताना गाडीत मला कोपऱ्यातली जागा मिळाली, एवढाच त्या दिवसाचा फायदा.

शेवटी रश्मीनेच ते अपडेट शोधून काढलं. गुरुवारी सकाळी दहाला सुरू केलं आणि मला समोर बसवलं.

"बाबा, नीट ऐका. स्क्रीन काळी होईल. पंखा ओरडेल. गरम होईल. काही झालं तरी हात लावायचा नाही. चार्जर काढायचा नाही. मी डोकं धुऊन येते."

"मी का लहान आहो?"

"म्हणूनच सांगून राहिली," म्हणत ती न्हाणीत गेली.

पाच मिनिटं मी हात मांडीखाली दाबून बसलो. स्क्रीन काळी झाली. पंखा भाताच्या गिरणीसारखा कोकलायला लागला. वरून हात ठेवला (लावला नाही, ठेवला) तर चटकाच बसला! त्यात जळल्याचा वास. (तो स्वयंपाकघरातल्या लसणाचा होता हे नंतर कळलं.)

"निर्मला!" मी बायकोला हाक मारली. "पेटून राहिला ना हा!"

"अवो, पोरीनं हात नोका लावू म्हटलं ना?"

"पोरगी येईपर्यंत राख होईल, राख! मग दोन वाजता का तुझ्या पोळपाटावर मुलाखत देईल?"

आता माझी अक्कल ऐका. मागच्या साली माझा फोन शेतातल्या बोडीत, म्हणजे तळ्यात पडला होता. दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला आणि टणटणीत झाला. तांदूळ पाणी ओढतो, तर गरमी काऊन नाही ओढणार? हा विचार मला सुचला तेव्हा माझा मलाच अभिमान वाटला. चार्जर उपटला, लॅपटॉप मिटला आणि डब्याकडे गेलो. सरळ घातला, मावेना. तिरपा घातला, मावेना.

"तांदूळ सांडून राहिले ना जी!" निर्मला ओरडली.

मग अंगणातली रास दिसली. ती पुरणची, म्हणजे माझ्या साळ्याची. तो शेजारीच राहतो. आदल्या दिवशी त्याची मळणी झाली, तेवढ्यात पाऊस आला, म्हणून भिजलेलं धान त्याने घाईघाईत आमच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलं होतं. मी ताडपत्री उचलली, कोपरापर्यंत खड्डा केला, लॅपटॉप आत सारला आणि वरून धान लोटून थोपटलं. आत हाताला ऊब लागली. मला वाटलं, वा! धानाने गरमी ओढायला सुरुवातही केली!

रश्मी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली.

"बाबा, लॅपटॉप कुठाय?"

"गार व्हायला ठेवला."

"कुठं?"

"धानात."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "काढा." मी राशीकडे धावलो.

त्यात नेमका कुठे पुरला तेच आठवेना! आम्ही तिघं तीन बाजूंनी रास उकरायला लागलो. तेवढ्यात पुरण आला.

"का हरवलं जी, भाऊजी?"

"तू मधात बोलू नको," मी म्हणालो. या माणसाला शेतीतलं काही कळत नाही, असं माझं वीस वर्षांचं मत.

त्याने शांतपणे राशीत हात खुपसला आणि झटक्यात काढला. "आतमधी आग झाली ना! ओल्या धानाची रास तापणारच. समाजमंदिरावर तर लिहूनच हाय."

कोणी लिहिलं ते तो बोलला नाही. साळा असूनही बोलला नाही, हे मला जास्त लागलं.

लॅपटॉप निघाला तो उकडलेल्या रताळ्यासारखा, वाफेसकट. बटण दाबलं, काही नाही. अपडेट अर्ध्यातच मेलं होतं. दिमाग जुना गेला, नवा आला नाही. निवृत्तीनंतर माझंही हेच झालं असावं, असं निर्मला सगळ्यांदेखत म्हणाली.

"चुकलो बेटा," मी म्हणालो. "माझा फोन घे."

दोन वाजता रश्मी खुर्चीवर बसली. समोर फोन टेकवायला काही मिळेना, म्हणून स्टँड मीच झालो! गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी फोन धरला. "हलायचं नाही, बोलायचं नाही," एवढंच ती म्हणाली.

या वेळी समोर तीन साहेब होते. एकाने विचारलं, "ग्राहकाला स्पष्ट सांगूनही त्याने उलटंच केलं, तर काय कराल?"

रश्मीने फोनच्या वरून एकदा माझ्याकडे पाहिलं.

"सर, अशा एका ग्राहकासोबत मी लहानपणापासून राहते," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. डबा, रास, ताडपत्री, सगळं! तिकडे तिघंही खो खो हसत होते आणि इकडे मी माझी बेअब्रू दोन्ही हातांनी धरून उभी ठेवली होती. शेवटी ती म्हणाली, "पण मी त्यांच्यावर ओरडले नाही, सर. ते घाबरले होते. घाबरलेल्या माणसाला आधी धीर द्यावा लागतो." तेव्हा मात्र फोन थोडा हलला.

नोकरी लागली. लॅपटॉप पुन्हा गोंदियाला गेला. त्या दुकानदाराने या वेळी तो उघडला आणि कीबोर्डखालून कोंब आलेले दोन दाणे चिमटीत धरून मला दाखवले. "अंकल, इसमें तो फसल आ गई!" दिमाग त्याने नवा भरला, पंखा साफ केला. बरोबर दोन दिवसांत दिला, हेही सांगून टाकतो.

रश्मीला नागपूरच्या गाडीत बसवून परत येताना सवयीने भिंतीकडे पाहिलं. 'ओल्या धानाची रास घालू नका. आतून तापते.' त्याच्या खाली कोळशाने लिहिलं होतं: 'लॅपटॉपही ठेवू नका.'

कोणाचं काम ते विचारायची गरज पडली नाही. त्या 'ल'चं वळण लहानपणी मीच पोरीचा हात धरून गिरवून घेतलं होतं. आणि तेव्हाच तिला सांगितलं होतं, "बेटा, भिंतीवर लिहायचंच असेल तर अडाणी माणसाच्या उपयोगाचं लिहावं."