मृणालिनीसाठी आणलेली फळी

अमेरिकेतल्या चँडलरच्या मराठी मंडळात रत्नाकाकू म्हटलं की मोदक, हे इतकं पक्कं होतं की नव्याने आलेल्या मुलींना त्यांचं आडनावसुद्धा ठाऊक नसायचं. नवरा राजाराम जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकू आता मुलीकडे, शिवांगीकडे राहत होत्या. ऐन उमेदीत त्यांनी इथल्याच एका कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात नोकरी केली होती. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून केसाहून बारीक तारा तपासायच्या आणि घरी येऊन तांदळाची उकड मळायची. दोन्ही कामं बोटांची होती आणि बोटांवर काकूंचा फार जीव होता. गणपतीत मंडळाचे मोदक त्यांनीच करायचे, असं कुणी कधी ठरवलं नव्हतं. त्यामुळे ते कुणी मोडेल असंही त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

मोडलं मृणालिनीने. ही बाई निवृत्त डॉक्टर, मंडळाच्या पहिल्या पिढीतली. एकदा माईक हातात आला की तो काढून घ्यायला दुसरा जन्म घ्यावा लागे. खरं तर वयाला मान देऊन तिला अहोजाहो करायला हवं, पण ही गोष्ट काकूंच्या बाजूची आहे आणि काकू मनात तिला काय काय म्हणायच्या ते लिहिण्याजोगं नाही, तेव्हा एकेरीवर भागवू. मृणालिनी खोटं कधी बोलत नसे. खरं तेवढंच बोलायची, पण ते समोरच्याला नेमकं कुठे लागेल ते आधी बघून घ्यायची.

गेल्या गणपतीत आरती झाली, लोक ताटं घेऊन रांगेत उभे राहिले आणि मृणालिनीने माईकवरून जाहीर केलं, "रत्नाच्या मोदकांना आता कळ्या राहिल्या नाहीत हं! सुरकुत्या पडतात. तिच्यासारख्याच!"

लोक हसले. ज्यांच्या बाळंतपणात काकूंनी डिंकाचे लाडू पोचवले होते त्याही हसल्या. काकू पातेल्यामागे तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांनाही हसावं लागलं. हात थरथरायला लागला होता हे खरंच होतं. पण ते काकूंचं आणि त्यांच्या डॉक्टरांचं गुपित होतं, ते असं शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये वाटायचं नव्हतं.

पुढच्या मीटिंगला मंडळाचा अध्यक्ष सौमित्र फार गोड बोलला. "काकू, तुम्ही किती वर्षं केलंत! आता नेक्स्ट इयरपासून आपण फ्रोझन ऑर्डर करू या. तुम्ही फक्त या, बसा, एन्जॉय करा." काकू बरं म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी मोदकपात्र गॅरेजमध्ये, राजारामच्या हत्यारांच्या पेटीमागे नेऊन ठेवलं. सौमित्रचा त्यांना राग आला नाही. सगळा राग त्यांनी एका माणसासाठी राखून ठेवला आणि हिवाळाभर त्याला नीट पोसलं.

मे महिन्यात शिवांगीची स्लोव्हेनियात कॉन्फरन्स होती. आईचा चेहरा बघवत नव्हता म्हणून ती आईला बरोबर घेऊन गेली. देश एवढासा, सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला दुसऱ्या टोकाला. कॉन्फरन्स संपल्यावर मायलेकी एका लहानशा जुन्या गावात गेल्या. चौकाभोवती रंगीत घरं, आणि प्रत्येक घराच्या तळाशी दुकान. परदेशातून रिकाम्या हाताने परतायचं नाही हा आपला धर्म, तेव्हा काकू कंबर कसून खरेदीला लागल्या. समोर राहणाऱ्या डेबीला लाल रंगाचं, वर नक्षी काढलेलं, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं मधाचं बिस्किट. मंडळातल्या बायकांना मधाच्या लहान बाटल्या. शिवांगीला हाताने विणलेली लेस. ती लेस विणणारी बाई दारातच बसली होती. तिच्या बोटांखाली दोरा गुंडाळलेल्या लाकडी चात्या खुळखुळत होत्या आणि काकू कितीतरी वेळ नुसत्या तिच्या हातांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपले हात स्वेटरच्या खिशात घातले.

शेजारच्या दुकानात भिंतभर रंगवलेल्या लाकडी फळ्या लावल्या होत्या. दुकानदारीण मोडक्या इंग्रजीत सांगू लागली. आमच्याकडे पूर्वी मधमाश्यांच्या पेट्यांना पुढून अशा चित्रांच्या फळ्या लावायचे, या त्यांच्या नकला. कुठे संत होते, कुठे अस्वल, कुठे शिकाऱ्याची अंत्ययात्रा काढणारे प्राणी. काकू कौतुकाने मान हलवत पुढे सरकत होत्या आणि एका फळीपाशी थबकल्या. चित्रात धार लावायचं मोठं दगडी चाक होतं. एक शिंगवाला सैतान ते फिरवत होता. दुसऱ्याने घेरदार झगा घातलेल्या एका बाईची लांबच लांब जीभ ओढून चाकावर धरली होती.

"ही काय भानगड?" काकूंनी खुणेनेच विचारलं.

दुकानदारीण हसली. ज्या बाईचं तोंड फार चालतं तिच्या जिभेला सैतान धार लावून देतो, अशी आमच्याकडची जुनी थट्टा आहे, म्हणाली.

काकूंना इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. त्यांनी फळी भिंतीवरून स्वतःच्या हाताने काढून घेतली.

"आई, हे कुणासाठी?" शिवांगीने विचारलं.

"मृणालिनीसाठी. जूनमध्ये त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाची पार्टी आहे ना."

"आई! सिरियसली? तू हे तिला देणार?"

"त्यांची पारंपरिक कला आहे," काकू म्हणाल्या. "आपण कलेला सपोर्ट करायला नको?"

घरी येऊन काकूंनी इंडियन स्टोअरमधला सोनेरी कागद आणला आणि फळी झकास गुंडाळली. परतीच्या विमानात त्यांनी सगळा प्रसंग मनात रंगवून ठेवला होता. मृणालिनी कागद फाडेल, चित्र बघेल, आजूबाजूच्या बायका मान लांब करून बघतील, आणि तो माईकवाला चेहरा उतरेल. मग काकू म्हणणार होत्या, "दुकानात बघितली आणि तुझीच आठवण झाली गं." हे वाक्य त्यांनी अंघोळ करताना म्हणून बघितलं होतं.

पण रागाच्या भरात काकू एक गोष्ट विसरल्या. आपल्याकडे भेट देणाऱ्यासमोर पुडकं उघडायची पद्धतच नाही. पार्टीत मृणालिनीने पुडकं घेतलं, "अगं, नो गिफ्ट्स लिहिलं होतं ना कार्डावर! कशाला आणलंस? नंतर बघते हं," म्हणाली आणि मागे टेबलावरच्या सोनेरी पुडक्यांच्या ढिगात ते टाकून दिलं. लगेच ती पुढच्या पाहुण्याकडे वळलीसुद्धा. काकूंचं वाक्य तोंडातच राहिलं.

उद्या फोन येईल, परवा येईल, म्हणून काकूंनी वाट बघितली. जुलै आला, बाहेर स्टिअरिंगला हात लावता येईना असं ऊन पेटलं, पण मृणालिनीचा फोन नाही की टोमणा नाही. देवळात भेटली तेव्हा फ्रीवेवरच्या ट्रॅफिकबद्दल बोलली. काकूंना कळून चुकलं. बाईने पुडकं उघडलंच नव्हतं. मंडळातल्या प्रत्येक घरात असतं तसं आलेल्या भेटींचं एक कपाट तिच्याही गेस्ट रूममध्ये होतं. शहाण्या बायका त्यातल्या प्रत्येक पुडक्यावर देणारीच्या नावाची चिठ्ठी लावतात, कारण ते पुढे सरकवताना चुकून तिच्याच घरी जायला नको. मृणालिनीला असल्या चिठ्ठ्यांची गरज वाटत नसे. माझ्या सगळं लक्षात राहतं, असं ती अभिमानाने सांगायची.

ऑगस्टमध्ये काकूंची पंचाहत्तरी आली. शिवांगीने घरीच बेत केला. दिव्यांनी ओवाळणं झालं, सगळ्यांचे नमस्कार झाले, आणि मृणालिनी नवी पैठणी नेसून, हातात सोनेरी पुडकं घेऊन पुढे आली.

काकूंनी पुडकं हातात घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं. तोच आकार, तेच वजन. एका कोपऱ्यावर चिकटपट्टी वाकडी लागली होती, ती त्यांच्याच थरथरत्या हाताने लागली होती. पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. लाज वाटावी म्हणून आणलेलं होतं खरं, पण तिला ते उघडून बघण्याएवढीही आपली किंमत वाटली नव्हती. आणि मग हळूहळू सगळा डाव त्यांच्यासमोर स्वच्छ उलगडला. देवाने एवढी सोय करून दिल्यावर नाही कसं म्हणायचं?

रिवाजाप्रमाणे काकू पुडकं बाजूला ठेवू शकल्या असत्या. त्यांनी ते मांडीवर ठेवलं आणि शेजारी बसलेल्या डेबीकडे निरागसपणे बघितलं. डेबी बिचारी अमेरिकन. भेट समोर असताना ती न उघडता माणूस कसा बसू शकतो हे तिला कधीच कळलं नव्हतं.

"ओपन इट, रत्ना!" डेबी ओरडली. लगेच सगळी पोरंही ओरडायला लागली.

काकूंनी कागदाला हात घातला. हात थरथरला. काकूंनी तो मुद्दाम आणखी थरथरू दिला. नखाला चिकटपट्टी काही सापडेना.

"आण इकडे," मृणालिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुझ्या हातांनी आता हे व्हायचं नाही गं." आणि तिने ते स्वतःच फाडलं, टरकन, एका दमात, आणि फळी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

चित्राची बाजू लोकांकडे होती, त्यामुळे तिने सर्वांत शेवटी बघितलं. आधी डेबीने बघितलं. "ओ माय गॉड, इज दॅट द डेव्हिल? इज ही शार्पनिंग हर टंग?" डेबीचा आवाज मुळातच खणखणीत. मग पुढच्या रांगेतल्या बायकांनी बघितलं आणि मग एकमेकींकडे बघितलं.

मृणालिनीने फळी उलटी केली. ती चित्राकडे बघतच राहिली.

"मृणालिनीकाकू, हे काय?" सौमित्र म्हणाला. "पंचाहत्तरीला?"

"गेल्या वर्षी सुरकुत्या, आणि आता हे," मागून कुणीतरी म्हणालं. हे म्हणणारी गेल्या वर्षी सर्वांत मोठ्याने हसली होती, पण आता तो हिशेब कोण काढतो?

"नाही, म्हणजे... हे मी..." मृणालिनीने तोंड उघडलं आणि मिटलं. हे मी घेतलेलं नाही, आम्हाला कुणीतरी दिलं होतं, एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते म्हणायचं म्हणजे कपाटातलं न उघडलेलं पुडकं पंचाहत्तरीच्या बाईच्या गळ्यात मारलं हे पन्नास माणसांत कबूल करायचं. हे सगळेच करतात आणि कबूल कुणीच करत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईला शब्द सापडेना. शेवटी ती म्हणाली, "मला वाटलं, आर्ट आहे."

शिवांगीने फळी केव्हाच ओळखली होती. तिने आईकडे एकदा रोखून बघितलं आणि केक आणायला म्हणून ती स्वयंपाकघरात गेली ती लवकर बाहेर आलीच नाही.

काकू उठल्या. त्यांनी मृणालिनीला सगळ्यांसमोर मिठी मारली. "जाऊ द्या हो, तिच्या मनात तसं नसेल," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि बायकांचे डोळे भरून आले. मग मृणालिनीच्या कानाशी तोंड नेऊन त्या हळूच म्हणाल्या, "स्लोव्हेनियात घेतली होती मी ही. तुझ्यासाठी."

मृणालिनी गोरीमोरी झाली. काकूंना तिच्या खांद्यातून सरकन गेलेली शिरशिरी जाणवली आणि मन अगदी तृप्त झालं. त्या रात्री त्या छान झोपल्या.

आठवड्याच्या आत सौमित्रचा फोन आला. "काकू, मोदक तुम्हीच करायचे. फ्रोझन कॅन्सल केलं." काकूंनी आढेवेढे घेतले, ते शोभतील तेवढेच घेतले आणि मग गॅरेजमधून मोदकपात्र काढलं. सैतानाची फळी त्यांनी ओट्याच्या वर, समोरच टांगली.

पण फळी टांगली म्हणून हात थांबत नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी काकू पहाटेपासून उकडीशी झगडत होत्या. कळी पाडायला घ्यावी तो बोट पलीकडे घसरे. अर्धे मोदक वाफेवर उकलले आणि सारण बाहेर आलं. शिवांगी मदतीला आली, तिला त्यांनी हाकलून दिलं. उकललेले मोदक पातेल्याच्या तळाशी घालून बरे होते ते त्यांनी वर रचले. बरे म्हणजे काय, त्यांच्यातही कळ्या कमीच होत्या.

आरती झाली. लोक ताटं घेऊन रांगेत आले. "काकू, वा!" "काकू, हीच ती चव!" सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि काकूंना त्यातल्या एकाही शब्दावर विश्वास ठेवता येईना. रांगेच्या शेवटी मृणालिनी होती. पंचाहत्तरीनंतर तिने माईकला हात लावला नव्हता. मीटिंगमध्ये तिने तोंड उघडलं की कुणीतरी फळीची आठवण काढून खाकरत असे, त्यामुळे तिने तोंड उघडणंच सोडलं होतं.

काकूंनी डाव पातेल्यात खोलवर घातला आणि अगदी तळातला, फुटलेला, सारण सांडलेला मोदक निवडून तिच्या ताटात वाढला. वरून तूप सोडताना हात थरथरला आणि तूप ताटाच्या काठावरून खाली ओघळलं. मृणालिनीने मोदकाकडे बघितलं, मग काकूंच्या हाताकडे बघितलं. तिचे ओठ हलले. काकूंना तो चेहरा पाठ होता. वाक्य तयार होतं आणि ते खरं असणार होतं. एवढ्या माणसांत तेवढंच एक खरं असणार होतं, आणि काकू श्वास रोखून त्याची वाट बघू लागल्या.

मृणालिनीने मोदक तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला.

"छान झालेत," ती म्हणाली.

काकूंनी तळातला आणखी एक काढला आणि तिच्या ताटात वाढला. मृणालिनीने तोही खाल्ला.