मामाच्या पोटावरचा वण

आमच्या चौक गावच्या मामाइतका स्वतःच्या पोटाचा अभिमान असलेला माणूस साऱ्या खालापूर तालुक्यात झाला नाही आणि होणारही नाही. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमारास मुंबईच्या इस्पितळात मामाचं अपेंडिक्स काढलं आणि उजव्या कुशीला चांगला वीतभर वण राहिला. पोट फाडून घेऊन जिवंत परतलेला माणूस तोवर गावात कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे मामाचा भाव भलताच वधारला. कुणी नुसतं "काय मामा, बरं हाय ना?" म्हणायची खोटी, की सदरा वर! घाट चढण्यासाठी कर्जतला गाडीला मागून इंजिनं जोडतात, तेवढ्या वेळात मामा अख्ख्या डब्याला वण दाखवून मोकळा व्हायचा. रजेवर आलेल्या एका शिपायाने कौतुकाने दंडावरची गोळीची खूण दाखवली, तर हा म्हणतो, "एवढीशीच? मग ह्ये बघ!" बिचाऱ्याने मुकाट बाही खाली केली.

दाखवायचा सगळ्यांना, पण हात लावू देईल तर शपथ! टाके उसवतील म्हणे. ते डॉक्टरांनी कधीच काढून टाकले होते, पण मामाला कोण सांगणार? एकटी मामी मात्र त्या वणाकडे कधी बघायची नाही. सदरा वर गेला, की ती तोंड फिरवून चुलीकडे जायची. "सगळा गाव बघतो, हिलाच माझं कौतुक नाय," असं मामा माझ्यापाशी कुरकुरायचा. त्याला ते फार लागत असे.

पुढे पोटाला जपता जपता मामा असा वाकला, की कंबरच धरली. लावणीच्या दिवसांत तो बांधावर बसून नुसता ओरडायचा आणि मामी एकटी चिखलात. निरगुडीचा शेक झाला, तापल्या विटा झाल्या. शेवटी तापल्या सळईने कंबरेवर डाग घ्यायचं त्याने ठरवलं, तेव्हा जन्मात आवाज न चढवलेली मामी कडाडली, "आणखी एक डाग मी बघायची नाय! आदी मला डागा!" मग मीच मामाला कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कंबर तपासली आणि मग वण जरासा ओढला, तोच मामा कंबर धरून "आई गं!" ओरडला. डॉक्टर म्हणाले, "आतून चिकटलंय हे. हे ओढतं आणि कंबर भोगते. घरातल्या कुणीतरी रोज कोमट खोबरेल लावून हलक्या बोटांनी सैल करायचं."

घरातलं कुणी म्हणजे मामीच. पहिल्या दिवशी तेलाची वाटी घेऊन मी शेजारीच होतो. मामीने डोळे गच्च मिटून वणावर बोटं टेकली आणि एकदम रडायलाच लागली. "इस्पितळाच्या पायरीवर बसून मी तुमची आशा सोडली होती वो. ह्ये दिसलं की त्योच दिस आठवतो."

मामाने तिचा हात वणावर नीट ठेवला. म्हणाला, "अगं, हाय ना मी? चोळ."

भातकापणीपर्यंत मामा ताठ झाला. सदरा वर करणंही त्याने का कोण जाणे, सोडूनच दिलं. दिवसभर भारे वाहायचा आणि दिवेलागणीला न चुकता कण्हत चटईवर आडवा व्हायचा. "आज लई धरलीय गं!" मामी म्हणायची, "सोंगं नुसती!" आणि तेल कोमट करायला ठेवायची.

यंदा मामी गेली. तिचे दिवस झाल्यावर निघताना मी विचारलं, "मामा, कंबर कशी आहे?" मामा ओटीवर ताठ उभा होता. त्याने सदरा नीट खाली ओढला.

"नाय रं. आता काय दुखत नाय."

दुखतंय म्हणाला असता, तर मला बरं वाटलं असतं.