पंगतीत मागे राहणारे

आमच्या घरात शेतीवाडी नव्हती, त्यामुळे बाबांनी मला वारशात दिला तो जबडा. खालचा पुढे, वरचा मागे. समोरचे दात एकमेकांना शिवतसुद्धा नसत. पोळी तोडायची तर दाढेखाली धरून ओढायची. आम्हा बापलेकीला जेवायला इतरांच्या दुप्पट वेळ लागे.

घरी ते खपून जाई. पंचाईत व्हायची लग्नाच्या पंगतीत. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही, ही रीत. सगळी रांग हात वाळवत आमच्या पत्रावळींकडे बघत बसायची. मग एखादे काका ओरडायचेच, "आटपा गा, दुसरी पंगत थांबून राहिली!" बाबा लगेच हात थांबवत. "झालं, पोट भरलं," म्हणत आणि अर्धं अन्न टाकून उठत. मीही तेच शिकले होते. मला भयंकर राग यायचा, लोकांचा कमी आणि बाबांचा जास्त.

मी कॉलेजात गेले तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी दीड-दोन वर्षं तारा, मग ऑपरेशन करून जबडा मागे घ्यायचा. बाबांनी कागदावर सही केली. डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत होते. बाबा हसले.

"माझं काय आता, सवय झाली. हिचं होऊन जाऊ द्या."

ऑपरेशननंतर सहा आठवडे माझे वरचे-खालचे दात तारेनं एकत्र बांधलेले होते. बाबा वरणाचं पाणी नि संत्र्याचा रस फडक्यानं गाळून द्यायचे. तारा सुटल्यावर आरशात पाहिलं. चेहरा छान होता, पण तो बाबांचा नव्हता. मला रडू फुटलं. बाबांना वाटलं, दुखतंय.

त्याच उन्हाळ्यात कळमेश्वरला मामेबहिणीचं लग्न झालं. वडाभात होता. मी सगळ्यांच्या बरोबरीनं जेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा वाट बघणाऱ्यांपैकी एक झाले. शेजारी बाबांची पत्रावळ अजून अर्धी भरलेली होती. त्यांनी रांगेकडे पाहिलं आणि घास खाली ठेवला.

"इकडे वडाभात वाढा," मी वाढप्याला हाक मारली.

"काहून वं? तुले जाते का एवढं?" बाबा कुजबुजले.

"जाते."

एकेक घास मी मुद्दाम म्हशीसारखी चघळत बसले. एक काका ओरडलेच. मीही ओरडले, "मी जेवून राहिली ना, काका! थांबा जरा!" ऑपरेशन झालेल्या पोरीला कोण काय बोलणार?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली ठेवलेला घास उचलला, आणि भात झाल्यावर, लग्नाच्या पंगतीत कधीच न खाल्लेला, पत्रावळीवरचा लाडू हळूहळू फोडून खाल्ला. त्यांचे डोळे भरून आले होते. मी पुन्हा तिकडे बघितलं नाही, भात चिवडत राहिले.