भारद्वाजाचा डावा पंख

वटार गावातल्या आमच्या वाडीत जामाच्या झाडांवर वटवाघळांनी फळं खाऊ नयेत म्हणून जाळी टाकतात. पाच वर्षांपूर्वी एका सकाळी त्या जाळीत भारद्वाजाचं पिल्लू अडकलेलं मला दिसलं. उडायला शिकण्याच्या वयाचं होतं. डोळ्यांत अजून लाली आली नव्हती, अंगावर मळकट पट्टे होते. डाव्या पंखाखाली नायलॉन रुतून कातडी फाटली होती. मी जाळी कापली आणि त्याला टॉवेलात गुंडाळून अंगणात आणलं.

वाटीने पाणी पाजायला गेलो तर सुनेने माझा हात धरला. ती खाडीकाठच्या शेतकरी घरातली. बदकं, कोंबड्या, शेतात सापडलेली पिल्लं हे सगळं तिने लहानपणी केलेलं.

"चोचीत पानी ओतू नका, बाबा. छातीत गेलं तर मरंल तो."

"आता हिच्याकडून शिकायचं राहिलंय आपल्याला," माझी बायको दारातून म्हणाली. "तुमची खाडीवरची कोंबडी नव्हे ती. भारद्वाज आहे. सकाळी दिसला तर दिवस चांगला जातो."

"आधी त्याचा दिवस चांगला जाऊ द्या, आई," सून म्हणाली.

विरारच्या जनावरांच्या डॉक्टरांनी जखम धुऊन टाके घातले. हाड शाबूत होतं. तीन आठवडे जपा, माणसाळवू नका, वनखात्याला कळवा आणि जखम भरली की सोडा, असं त्यांनी बजावलं. वनखात्याला कळवायचं काम मी अंगावर घेतलं आणि कळवलं नाही. घरी विचारलं तेव्हा मात्र "कळवलंय" म्हणालो.

कोंबड्यांचं रिकामं खुराडं सुनेने धुऊन घेतलं. वर गोणपाट टाकलं, म्हणजे त्याला माणसं दिसू नयेत. ती केळीच्या बुंध्यांतून गोगलगाई शोधायची, गवतातले नाकतोडे पकडायची आणि चिमट्याने भरवायची. भरवताना एक शब्द बोलायची नाही. दहाव्या दिवशी पिल्लू स्वतःहून उंच दांडीवर चढून बसलं, तेव्हा ती हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

गोणपाट उचलायचो ते मी.

बातमी गावात फिरली होती. परीक्षेला, मुलाखतीला, कोर्टाच्या तारखेला निघालेली माणसं सकाळी आमच्या फाटकाशी थांबू लागली. "काका, दर्शन होईल का? व्हिसाचा इंटरव्ह्यू आहे." शेजारच्या वाडीतला ख्रिस्ती मित्रही एकदा डोकावला. "आमच्यात असलं काही मानत नाहीत हां," तो म्हणाला, "पण बघून ठेवतो. फुकट आहे ना!" सून घरात कामात असली की मी त्यांना मागे न्यायचो. निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत कोणी माझ्याकडे काही मागायला आलं नव्हतं. आता माणसं चपला काढून माझ्यामागून हळू पावलांनी यायची. मला ते आवडायला लागलं, आणि पिल्लू जाणार हा विचार नकोसा झाला.

आमच्याकडे कोंबड्या कुंपणावरून उडून भाजीच्या वाफ्यात जाऊ नयेत म्हणून एका पंखाची पिसं छाटतात. कोंबडीला दुखत नाही, पुढे नवी पिसं येतात. हे मी लहानपणापासून करत आलो आहे. एका दुपारी घरात कोणी नसताना मी कात्री घेतली आणि भारद्वाजाच्या डाव्या पंखाची आतली पिसं कापली. बाहेरची दोन तशीच ठेवली, म्हणजे पंख मिटला की काही कळू नये. थोडे दिवस राहील, पिसं आली की जाईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. कोंबडीला कुंपणाच्या आत दाणे मिळतात. याला बाहेर जाऊन जगायचं होतं, हे मी लक्षात घेतलं नाही.

कोणालाही संशय आला नाही. भारद्वाज तसाही जमिनीवर चालणारा, उड्या मारत झाडावर चढणारा पक्षी. आणि पंख तर जखमेचाच होता.

तीन आठवडे झाल्यावर सून म्हणाली, "उद्या सोडूया."

"आठ दिवस थांब की," मी म्हणालो.

"कशाला, बाबा? दांडीवर चढतोय, खातोय. डॉक्टरांनी दिलेले दिवस झाले. आणखी ठेवला तर माणसांची सवय लागंल त्याला."

सकाळी तिने खुराड्याचं दार उघडलं. पिल्लू चालत कुंपणापर्यंत गेलं, जास्वंदीत चढलं, आणि तिथून आंब्याकडे झेपावलं ते तिरकं होऊन खाली आलं. उठून केळीत शिरलं. "शिकंल," सून म्हणाली. मी तिच्या शेजारी उभा होतो. तेव्हा बोललो असतो तर त्याला परत पकडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी केळीखाली पिसं पडलेली सापडली. मांजर असेल किंवा मुंगूस. मी आधी पोहोचलो. काही पिसांची टोकं सरळ रेषेत कापलेली होती. ती वेचून मी खिशात घातली आणि मग घरच्यांना हाक मारली.

"घाई, घाई," बायको म्हणाली. "घरात आलेलं चांगलं हिने हाकलून दिलं." फाटकाशी येणारेही विचारू लागले, "तुमच्या सुनेनं लवकर सोडला म्हणे?" मी "झालं ते झालं" म्हणायचो. खुराडं सुनेने शेजाऱ्यांना देऊन टाकलं.

परवा मोगऱ्याखाली बुलबुलाचं पिल्लू पडलं होतं. हाक बायकोनेच मारली. "अगं, ये लवकर, जिवंत आहे!"

सून पायरीवरच थांबली. "मी नाही हात लावत, आई. माझ्या हाताचं तुम्हाला माहितीये."

बायकोने ते टोपलीत ठेवलं. पिल्लू संध्याकाळपर्यंत मेलं.

काल मी इतकी वर्षं लपवून ठेवलेली ती पिसं सुनेपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. तिने एक पीस उचललं, कापलेल्या टोकावरून बोट फिरवलं.

"पाच वर्षं, बाबा."

मी माफी मागायला लागलो. तिने थांबवलं.

"मला काय सांगताय? मी ते खुराडं उघडलं तेव्हा मला माहीत होतं की तो बरा झालाय. मग तुम्ही सगळ्यांनी मला पटवलं की नव्हता. ज्यांना ज्यांना तुम्ही गोणपाट उचलून दाखवलंत ना, त्यांना सांगा. आणि आईंना. माझ्यासमोर."

म्हणून हे लिहिलं आहे, आणि छापायला देणार आहे. फाटकाशी आलेली बरीच माणसं हे वाचतील. भारद्वाज बरा झाला होता. तिने त्याला वेळेवर सोडलं होतं. पिसं मी कापली.

बायको आत मोगऱ्याच्या कळ्या निवडते आहे. सुनेला मी बोलावलं आहे. ती हात पुसून येते म्हणाली. ती आली की हे दोघींपुढे वाचून दाखवणार आहे.