बंदराकडे पाठ केलेली बाई

आई सहा महिन्यांसाठी जर्सी सिटीला माझ्याकडे आली होती. चौदाव्या मजल्यावर बसून बसून ती कंटाळली, म्हणून एका शनिवारी मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी तिला ट्रेनने मॅनहॅटनला म्युझियम दाखवायला घेऊन गेलो.

बहुतेक चित्रांवरून तिची नजर नुसती घसरत होती. एका दालनात मात्र ती थांबली. अठराव्या शतकातलं, रोकोको या नाजूक, नटव्या फ्रेंच शैलीतलं तैलचित्र होतं ते. गजबजलेलं बंदर, गुलाबीसर आभाळ, शिडाची जहाजं, रेशमी झग्यातल्या बायका, पिंपं उतरवणारे हमाल. मी पाटी वाचून सांगायला लागले, तर म्हणाली, "थांब जरा."

ती खालच्या कोपऱ्यात बघत होती. सगळ्यांचे डोळे जहाजांकडे, आणि तिथे एक बाई पाण्याकडे पाठ करून जाळं शिवत बसली होती.

"हिचा माणूस परत नाही आला," आई म्हणाली.

"कशावरून?"

"माझी आई अशीच बसायची."

माझे आजोबा तापाने गेले, एवढंच आम्हाला माहीत होतं. तिथल्या बाकावर बसून आईने पहिल्यांदा खरं सांगितलं. ती आठ वर्षांची असताना तिचे वडील कोकणातल्या हर्णै बंदरातून होडी घेऊन गेले, ते आलेच नाहीत. होडीही सापडली नाही. माझी आजी कितीतरी दिवस बंदरावर जाऊन उभी राहायची. मग एके दिवशी तिने कुंकू पुसलं आणि आईला घेऊन ती पुण्याला भावाकडे आली. कोणी विचारलं तर 'तापाने गेले' म्हणायचं, असं तिने बजावलं. हरवले म्हटलं की लोक विचारत राहतात.

"आणि तुला काय वाटायचं?"

"येतील असंच. लग्नाच्या दिवशीसुद्धा माझं लक्ष दाराकडे होतं."

माझ्या मुलीला मराठी अर्धंच कळतं. "व्हाय इज आजी क्रायिंग?" तिने विचारलं.

"तिचे बाबा मिसिंग आहेत," मला एवढंच सुचलं.

मुलीने आजीचा हात धरला. "स्टिल?"

दुसऱ्या दिवशी आईने तिकीट बदलायला लावलं. मी चिडले, अजून चार महिने बाकी होते.

"मला हर्णैला जायचंय," ती म्हणाली. "साठ वर्षांत पाऊल टाकलं नाही तिथे."

मला सोबत जाता आलं नाही. व्हिसाचं रिन्युअल अडकलं होतं. बाहेर पडले असते तर परत येण्याची खात्री नव्हती.

ती एकटीच गेली. तिकडे संध्याकाळ होती तेव्हा फोन आला. बंदरावर ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. एका अनोळखी कोळणीने तिला हाताला धरून पाण्यापर्यंत नेलं. आईने नारळ वाहिला, वडिलांचं नाव मोठ्याने घेतलं.

"मग बरं वाटलं का गं?" मी विचारलं.



"नाही," ती म्हणाली. "पण आता ते गेले."