माझ्या अंगात देवी आली नव्हती

आधीच सांगते, मी देवीला मानणारी बाई आहे. लग्न होऊन टोकावड्याला आले तेव्हापासून गावदेवीची ओटी कधी चुकवली नाही. म्हणूनच कंपवात झाला तेव्हा तिच्याशी कडाकडा भांडले. गोळ्या सुरू झाल्या, हातांचं कापरं कमी झालं, पुन्हा भाकऱ्या थापू लागले. आणि मग त्याच गोळीने नवं खूळ काढलं. घेतल्यावर काही वेळाने मान, खांदे, कंबर आपोआप डोलायला लागत. थांबवू म्हटलं तर थांबत नसत.

जत्रेत ऐन आरतीला तेच झालं. ढोल वाजत होता आणि मी डोलत होते. बायकांनी मला पुढे ओढलं, कपाळभर हळद फासली. एकीने तर लेकीचं लग्न कधी जमेल ते विचारलं. "नाय गो, देवी नाय, गोळीनं होतंय!" मी ओरडले. ऐकतंय कोण! थोरल्या जाऊबाई हात जोडून म्हणाल्या, "आई, आमचं चुकलं, गोळ्या देऊन तुला अडवलं. आजपासून हिच्या गोळ्या बंद करतो." गोळ्या त्यांच्याच कपाटात असतात, आणि गोळी चुकली की मला कूससुद्धा बदलता येत नाही. डोलता डोलताच देवीला म्हटलं, बाई, आता तूच बघ.

तेवढ्यात सापगावहून नवस फेडायला आलेली एक अनोळखी बाई गर्दी सारून पुढे झाली. माझ्याकडे पाहून तिने जाऊबाईंना विचारलं, "हिला कापऱ्याची गोळी चालू हाय ना? आमच्या मालकांचं असंच व्हायचं. आमी गोळी बंद केली नि ते लाकडासारखे पडून राहिले. तुमी तसं करू नका, डॉक्टरला दाखवा. देवीच्या दारात खोटं नाय बोलत." मग पदराने माझ्या कपाळाची हळद जाऊबाईंनीच पुसली.

मुरबाडच्या डॉक्टरांनी गोळी थोडी थोडी, पण जास्त वेळा घ्यायला सांगितली. डोलणं पुष्कळ कमी झालं, सगळं गेलं नाही. अजूनही कुणी हात जोडलेच तर मी सरळ झापते.

त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. तिला कुणी धाडलं ते मला ठाऊक आहे, त्यावर मी कुणाशी वाद घालत नाही. आता माझं ओझं देवीवर टाकते आणि गोळी वेळेवर घेते. तिला सांगून ठेवलंय, तुझ्या पायाशी मरेपर्यंत बसेन, पण तुझ्या जागेवर कुणी बसवलं तर उठून जाईन.